लेन्ससाठी फिल्टर निवडताना: नाशिक परिसरात छायाचित्रण सुरू करणाऱ्यांसाठी

लेन्सच्या तोंडावर बसवायचा फिल्टर विकत घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा फिल्टर जे काम करतो, ते छायाचित्र काढून झाल्यावर संगणकावर करता येईल का? रंगाची छटा बदलणे, आकाश थोडे गडद करणे, कृष्णधवल चित्रात लाल किंवा पिवळ्या काचेचा परिणाम आणणे, ही कामे आज रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलवर, नंतर निवांतपणे करता येतात. दोन कामे मात्र जागेवरच करावी लागतात. ओल्या पानावरच्या, पाण्यावरच्या किंवा काचेवरच्या चकाकीखाली जे झाकले गेले ते सेन्सरपर्यंत पोहोचलेलेच नसते, त्यामुळे ते नंतर उकरून काढता येत नाही. आणि एका झटक्यात गोठवून टिपलेले पाणी नंतर दोन सेकंद वाहते करता येत नाही. यातले पहिले काम चकाकी अडवणारा पोलरायझर करतो आणि दुसरे एनडी (न्यूट्रल डेन्सिटी), म्हणजे प्रकाश कमी करणारा फिल्टर. ज्याच्याकडे खर्चाला मर्यादित रक्कम आहे त्याने ती याच क्रमाने खर्च करावी आणि बाकीचे सगळे प्रकार वर्षभर तरी बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाशिककरांसाठी याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. पोलरायझर म्हणजे निळे आकाश अधिक निळे करणारी काच, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि त्यामुळे अनेक जण पावसाळा लागला की तो कपाटात ठेवून देतात. वास्तविक आपल्याकडे कॅमेरा घेऊन लोक सर्वाधिक बाहेर पडतात ते जून ते सप्टेंबरमध्ये, त्र्यंबकेश्वर, अंजनेरी, इगतपुरी, भावली या भागांत. तेव्हा आकाश बहुधा पांढुरके असते आणि पोलरायझरचे सर्वांत मोठे काम नेमके त्याच दिवसांत असते. ते कसे, हे पुढे सविस्तर येईल.

पहिली पायरी: लेन्सचा व्यास पाहणे

लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिरपी रेघ मारलेले एक वर्तुळ आणि त्यापुढे ५२, ५८, ६७, ७७ असा एखादा आकडा छापलेला असतो. तो लेन्सच्या पुढच्या आट्यांचा मिलिमीटरमधील व्यास होय. त्याची फोकल लेंग्थशी, म्हणजे लेन्सचा पल्ला सांगणाऱ्या १८-५५ किंवा ५० मिमी अशा आकड्याशी, गल्लत करू नये. कॅननच्या ईएफ-एस १८-५५ या लेन्सला ५८ मिमी व्यासाचा फिल्टर लागतो, निकॉनच्या एएफ-पी १८-५५ ला ५५ मिमीचा आणि कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम या लोकप्रिय लेन्सला ४९ मिमीचा. म्हणजे लेन्सच्या नावातला आकडा पाहून फिल्टर मागवला, तर तो बसेलच असे नाही.

दोन लेन्स असतील तर प्रत्येकीसाठी वेगळा फिल्टर घेण्याची गरज नसते. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्ससाठी एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्सवर तो बसवण्यासाठी स्टेप-अप रिंग घ्यावी. ही धातूची साधी कडी असते, तिच्यात काच नसते, आणि चांगल्या फिल्टरच्या तुलनेत तिची किंमत अगदी किरकोळ असते. पुढे मोठी लेन्स घेण्याचा विचार पक्का असेल तर थेट ७७ मिमीचा फिल्टर घेणे दूरदृष्टीचे ठरते. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स आणि एक ५० मिमी एवढ्यावरच काही वर्षे काढायची असतील तर ६७ मिमी पुरेसा आहे. उलट प्रकार, म्हणजे मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर बसवण्याचा, टाळावा, कारण चित्राचे कोपरे काळे पडतात. स्टेप-अप रिंग लावल्यावर लेन्सचे हूड, म्हणजे पुढे सावली धरणारे कडे, बहुधा बसत नाही, ही त्यातली गैरसोय आहे; तेव्हा सूर्य बाजूने येत असेल तर हाताने किंवा टोपीने लेन्सवर सावली धरावी लागते.

काही अतिरुंद लेन्सची पुढची काच फुगीर असते आणि तिला आटेच नसतात. तिच्यासाठी वेगळी मोठी चौकट लागते, जी महागही असते आणि जडही. नवशिक्याने लेन्स निवडतानाच ही बाब विचारात घ्यावी.

दुसरी पायरी: पोलरायझर समजून घेणे

सूर्याचा थेट प्रकाश सर्व दिशांनी कंप पावत येतो, परंतु तो पाणी, पान, काच, रंगवलेला पृष्ठभाग किंवा ओला दगड यांवरून विशिष्ट कोनात परावर्तित झाला की त्यातील बराचसा भाग एकाच दिशेने कंप पावू लागतो. याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. पोलरायझरची काच एका दिशेचा ध्रुवित प्रकाश अडवते आणि बाकीचा जाऊ देते. म्हणून या फिल्टरची पुढची कडी फिरती असते आणि ती फिरवत असताना दृश्यातली चकाकी कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. बाजारात जो सीपीएल या नावाने मिळतो तो वर्तुळाकार पोलरायझर घ्यावा. जुन्या पद्धतीचा रेषीय पोलरायझर एसएलआर कॅमेऱ्यांच्या ऑटोफोकसला आणि प्रकाशमापनाला फसवू शकतो, कारण त्या कॅमेऱ्यांतील आरसा अंशतः पारदर्शक असून तो स्वतःही ध्रुवणावर अवलंबून प्रकाश विभागतो. सीपीएलमध्ये मागच्या बाजूला आणखी एक थर असतो, जो गाळून आलेला प्रकाश पुन्हा मिसळून कॅमेऱ्याकडे पाठवतो.

आता पावसाळ्याचे. ढगाळ दिवशी संपूर्ण आकाश हा एक प्रचंड पांढरा दिवा असतो आणि प्रत्येक ओले पान, प्रत्येक भिजलेला कातळ त्या दिव्याचे प्रतिबिंब अंगावर घेऊन उभा असतो. आपल्या डोळ्यांना हिरवेगार दिसणारे अंजनेरीचे पठार छायाचित्रात फिकट, राखाडी झाक असलेले उतरते, त्याचे मुख्य कारण हेच आहे. सवयीने आपण मग संगणकावर हिरवा रंग वाढवतो आणि तो भडक, खोटा दिसू लागतो. पोलरायझर बसवून कडी फिरवली की पानावरचा पांढरा थर निघून जातो आणि खालचा खरा हिरवा दिसतो. बेसाल्टचा काळा दगड काळा दिसतो आणि त्यावरचे शेवाळ वेगळे उठून येते. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या ओल्या शिल्पपट्टीवर किंवा ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर हा फरक एकदा पाहावा, म्हणजे मी या एकाच फिल्टरवर इतका वेळ का घेत आहे ते लक्षात येईल.

पाण्याच्या बाबतीत उभे राहण्याचा कोन महत्त्वाचा ठरतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी आपली दृष्टी साधारण ३७ अंशांचा कोन करत असेल तेव्हा पोलरायझरचा परिणाम सर्वाधिक असतो. गंगापूर धरणाच्या काठावर अगदी पाण्यालगत बसून पाहिले, तर दृष्टी फारच उथळ कोनात जाते आणि कडी कितीही फिरवली तरी विशेष फरक पडत नाही. तीच जागा चार-पाच फूट उंचावरून पाहिली की जवळच्या पाण्यातले तळाचे दगड दिसू लागतात. म्हणून कडी फिरवण्याबरोबरच उठून, बसून, एक पायरी वर चढून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

चकाकी संपूर्ण घालवणे नेहमीच इष्ट नसते. धरणाच्या संथ पाण्यातले डोंगराचे प्रतिबिंब हेही परावर्तनच आहे आणि कडी चुकीच्या जागी थांबली तर आपण ज्यासाठी पहाटे उठलो तेच पुसले जाईल. द्राक्षांच्या घडावरची बारीक चमक गेली की मणी मेणाच्या बाहुल्यांसारखे निर्जीव दिसतात. इंद्रधनुष्याचा प्रकाशही ध्रुवित असल्यामुळे कडीच्या एका स्थितीत ते ठळक होते आणि दुसऱ्या स्थितीत जवळजवळ नाहीसे होते. अशा वेळी कडी हळूहळू फिरवत जावी आणि जिथे चित्र पटेल तिथे थांबावे. ती जागा कमाल परिणामाच्या अलीकडे असली तरी चालते. कॅमेरा आडव्याचा उभा केला की कडी पुन्हा जुळवावी लागते, हे नवशिके हमखास विसरतात.

आकाशासाठी पोलरायझर वापरताना सूर्याशी काटकोनाचा नियम लक्षात ठेवावा. तर्जनी सूर्याकडे रोखावी, अंगठा तिच्याशी काटकोनात ताणावा आणि मनगट फिरवावे. अंगठा आकाशात जिथून जिथून फिरतो त्या पट्ट्यात निळाई सर्वांत गडद होते. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, हा पट्टा क्षितिजावरच्या धुळीत जातो आणि त्या वेळी पोलरायझरकडून आकाशात फारसे काही मिळत नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवरच असतो. तेव्हा उत्तरेकडे, म्हणजे रामशेज किल्ल्याच्या दिशेने कॅमेरा वळवला तर वरचे आकाश ऐन दुपारीही सुरेख गडद होते. सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या सुमारास हाच पट्टा उत्तर-दक्षिण असा डोक्यावरून जातो. फार रुंद लेन्सवर, म्हणजे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमीपेक्षा किंवा एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण १६ मिमीपेक्षा कमी फोकल लेंग्थवर, आकाशाचा मधला भाग गडद आणि बाजू फिक्या असा डाग उमटतो, जो नंतर काढणे कटकटीचे असते. तेथे आकाश चौकटीत मोठे असेल तर पोलरायझर काढून ठेवलेला बरा.

त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. धातूवरून होणारे परावर्तन अशा प्रकारे ध्रुवित होत नाही, त्यामुळे भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या घागरींवरची चमक पोलरायझरने जाणार नाही. तिथे उजेडाची दिशाच बदलावी लागते. कसारा घाटातून जाताना गाडीच्या बाजूच्या काचेतून पोलरायझर लावून टिपले तर काचेच्या आतल्या ताणामुळे रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसतात. शिवाय हा फिल्टर दीड स्टॉपच्या आसपास प्रकाश खातो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). नांदूर मधमेश्वरला हिवाळ्याच्या पहाटे पक्षी टिपायला जाणाऱ्याला तो परवडत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणथळ क्षेत्र २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले, आणि तिथे जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या खांद्यावर १५०-६०० मिमीची लेन्स असते. तिला ९५ मिमीचा महागडा फिल्टर लावण्यात, उडत्या पक्ष्यासाठी लागणारा शटर स्पीड गमावण्यात आणि वर काचेच्या एका जादा थरामुळे तपशील मऊ करून घेण्यात काहीच हशील नाही. लांब पल्ल्याच्या लेन्सवर फिल्टरचे दोष अधिक ठळक होतात. ती उघडीच ठेवावी आणि तिचे हूड लावावे.

तिसरी पायरी: एनडी फिल्टर आणि त्याचे गणित

एनडी म्हणजे रंग न बदलता सगळा प्रकाश सारख्या प्रमाणात कमी करणारी करडी काच. शटर अधिक वेळ उघडे ठेवता यावे, एवढाच तिचा हेतू असतो. तिच्यावरचे आकडे तीन पद्धतींनी लिहिलेले असल्यामुळे दुकानात गोंधळ उडतो. एनडी ८, ०.९ आणि तीन स्टॉप ही एकाच काचेची तीन नावे आहेत. तसेच एनडी ६४, १.८ आणि सहा स्टॉप हेही एकच, आणि एनडी १०००, ३.० व दहा स्टॉप हेही एकच. ‘एनडी’नंतरचा पूर्ण आकडा म्हणजे शटरची वेळ कितीपट वाढेल ते. फिल्टर न लावता योग्य प्रकाशमान, म्हणजे शटर उघडे राहण्याची वेळ, १/६० सेकंद येत असेल तर एनडी ६४ लावल्यावर ते जवळजवळ एक सेकंद होईल आणि एनडी १००० लावल्यावर सुमारे १६ सेकंद.

कोणता घ्यावा, हे आपण कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वेळी बाहेर पडतो यावर ठरवावे. पावसाळ्यात झाडीतल्या धबधब्यापाशी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधले छिद्र) एफ/११ वर प्रकाशमान १/३० सेकंदाच्या जवळपास येते असे धरू. पोलरायझर तर ओल्या दगडांसाठी लावलेला आहेच, त्याने ते १/१० वर आले. त्यावर एनडी ८ चढवला की पाऊण सेकंद मिळाले. धबधब्याच्या पाण्याच्या रेषा रेशमी दिसतात पण धार हरवत नाही, यासाठी पाव सेकंद ते एक सेकंद हा टप्पा उत्तम आहे. म्हणजे आपल्या पावसाळी भटकंतीसाठी पोलरायझर आणि एनडी ८ ही जोडी पुरते. उन्हाळ्यातल्या दुपारी, जेव्हा एफ/११ वर १/२०० सेकंद येतात, तेव्हा मात्र एनडी ८ ने हाती काही लागत नाही. तिथे एनडी १००० लावल्यावर पाच सेकंद मिळतात. दोन्हींच्या मधला एनडी ६४ हा एकच एनडी घ्यायचा असेल त्याच्यासाठी सर्वांत समंजस पर्याय आहे, कारण तो सकाळ-संध्याकाळच्या उजेडात धरणाचे पाणी शांत करतो आणि ढगाळ दुपारी ढगांना किंचित ओढही देतो. काही जण फिल्टरऐवजी अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत आवळून वेळ वाढवतात. त्याने वेळ वाढतो, पण विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळे चित्र मऊ पडते.

पाण्याला किती वेळ द्यायचा, हा प्रश्न गणिताने सुटत नाही. सोमेश्वरच्या धबधब्यावर पाणी बेताचे असताना एक सेकंद सुंदर दिसतो. गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सुरू असेल, गोदावरी गढूळ होऊन दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आली असेल, आणि नाशिककर पुराची पातळी त्या मूर्तीवरून मोजत काठावर जमले असतील, तेव्हा तीस सेकंदांचे छायाचित्र त्या पाण्याचा सगळा जोर काढून घेते आणि पुराच्या जागी तपकिरी धुके उरते. पुराला १/८ ते १/१५ सेकंद द्यावा. लाटांची दिशा आणि ताकद कळते आणि न हलणारी मूर्ती त्यात ठाम उभी राहते. पुराची छायाचित्रे घेताना सुरक्षित उंचीवर राहावे, कारण विसर्ग वाढला की घाटावरचे पाणी भराभर चढते. होळकर पुलावरून टिपत असाल तर वाहनांच्या वर्दळीने पूल सूक्ष्म थरथरतो हे ध्यानात ठेवून रहदारीतली फट पाहून शटर दाबावे. ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी त्याखालची जमीनच हलत असते.

एनडी वापरण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की पूर्ण संध्याकाळ वाया जाते. प्रथम कॅमेरा ट्रायपॉडवर लावून चौकट ठरवावी. फिल्टर न लावता फोकस करावा आणि मग लेन्स मॅन्युअल फोकसवर न्यावी, कारण दहा स्टॉपच्या काचेतून अनेक कॅमेऱ्यांना फोकस साधत नाही. प्रकाशमान पाहून ठेवावे, फिल्टर आट्यांवर हलक्या हाताने फिरवून बसवावा, नवी वेळ मोजावी आणि रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने शटर सोडावे. ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ हवा असेल तर बल्ब मोड, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारी सोय, लागतो. एसएलआर कॅमेरा असेल तर दीर्घ काळ उघड्या शटरच्या वेळी मागच्या नेत्रिकेतून प्रकाश आत शिरतो, तेव्हा ती झाकावी. स्वस्त एनडी काचा चित्राला तपकिरी किंवा जांभळट झाक देतात, त्यामुळे रॉमध्येच टिपावे. रामकुंड परिसरात गर्दीच्या वेळी ट्रायपॉडचे पाय लोकांच्या वाटेत येणार नाहीत अशी जागा निवडावी आणि पांडवलेणी किंवा गोंदेश्वर यांसारख्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

चलचित्र करणाऱ्यांचा विषय थोडा वेगळा आहे. प्रतिसेकंद २५ चौकटी घेताना शटर १/५० सेकंदाजवळ ठेवण्याचा प्रघात आहे आणि उन्हात ते साधण्यासाठी फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा पडतो. तो म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन पोलरायझर असल्यामुळे रुंद लेन्सवर शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की चौकटीवर फुलीसारखा काळा आकार उमटतो. स्थिरचित्रांसाठी साधा, एकाच घनतेचा एनडी अधिक खात्रीचा.

उरलेले प्रकार

यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात उपयोगी होता, कारण फिल्मला अतिनील प्रकाश जाणवत असे आणि दूरचे डोंगर निळसर धूसर येत. डिजिटल सेन्सरच्या पुढे अतिनील प्रकाश अडवणारा थर आधीच असतो. त्यामुळे आज यूव्ही फिल्टर ही प्रत्यक्षात एक संरक्षक काच आहे. धूळ उडत असताना, धबधब्याच्या तुषारांत किंवा रंगपंचमीला ती जरूर लावावी. रात्री मात्र काढून ठेवावी. गोदाघाटावर सायंकाळच्या आरतीच्या वेळी चौकटीत दिव्यांच्या ज्योती असतात आणि सपाट काचेच्या पृष्ठभागांमधल्या परावर्तनामुळे त्यांची भुताटकी प्रतिबिंबे काळ्या आकाशात तरंगताना दिसतात.

वरून गडद आणि खालून पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड एनडी सूर्यास्ताच्या वेळी आकाश आणि जमीन यांतला फरक सांभाळतो. आपल्याकडचे क्षितिज मात्र सपाट नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि हरिहरची शिखरे त्या गडद पट्ट्यात घुसून काळी पडतात. कॅमेऱ्यातील ब्रॅकेटिंग वापरून कमी-अधिक प्रकाशाची दोन-तीन चित्रे घ्यावीत आणि ती नंतर जोडावीत, हे नवशिक्याला स्वस्त आणि सोपे पडते. क्लोज-अप फिल्टर ही खरे तर भिंगे असतात, +१, +२, +४ अशा शक्तीची. मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर द्राक्षाच्या फुलोऱ्यासाठी किंवा पावसाळी रानफुलांसाठी +२ चे एक भिंग घेऊन पाहायला हरकत नाही; कडा मऊ येतात, मध्यभाग चांगला येतो. रंगीत काचा आणि तारे फाकवणारे फिल्टर घेऊ नयेत.

सूर्याविषयी एक इशारा गंभीरपणे द्यायचा आहे. २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण पश्चिम भारतातून खंडग्रास स्वरूपात दिसणार आहे. पावसाळी ढगांतून सूर्य डोकावला तर अनेक जण एनडी १००० लावून तो टिपू पाहतील. ही काच दृश्य प्रकाश हजारपट कमी करते, तर सूर्यासाठी लक्षपटीच्या आसपास घट लागते, शिवाय अवरक्त किरण अडवण्याची एनडीची हमी नसते. एसएलआरच्या नेत्रिकेतून अशा फिल्टरआडून सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. त्यासाठी खास सौर फिल्टरच हवा.

चौथी पायरी: दुकानात पारखून घेणे

पाच-सहा फिल्टरांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा त्याच पैशांत एक बरा पोलरायझर घ्यावा. होया, केन्को, मारुमी, निसी, हाइडा, के अँड एफ कॉन्सेप्ट, बी+डब्ल्यू ही नावे बाजारात वारंवार दिसतात आणि प्रत्येकाच्या मालिकांमध्ये साध्यापासून उंचीपर्यंत दर्जे असतात; म्हणून नावापेक्षा वस्तू हातात घेऊन तपासणे महत्त्वाचे, आणि त्यासाठी शहरातल्या दुकानात जाऊन घेणे मला अधिक योग्य वाटते.

काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी. लेप नसलेल्या काचेवर ट्यूबचे प्रतिबिंब पांढरे आणि झगझगीत दिसते, कारण अशा काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. चांगला बहुस्तरीय लेप असेल तर प्रतिबिंब अंधूक आणि हिरवट किंवा जांभळट दिसते. नंतर फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवून झाक पाहावी. पोलरायझरची परीक्षा लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यासमोर होते, कारण त्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवितच असतो. फिल्टरची पुढची बाजू पडद्याकडे आणि आट्यांची बाजू आपल्या डोळ्याकडे धरून कडी फिरवावी. एका स्थितीत पडदा जवळजवळ काळा व्हायला हवा. काहीच फरक पडला नाही तर ती नुसती करडी काच आहे. कडी सलग आणि थोड्या दाबाने फिरावी. सैल असेल तर लेन्स झूम करताना तिची जागा हलते, घट्ट असेल तर फिल्टरच लेन्सवरून निघू लागतो. रुंद लेन्ससाठी पातळ कडीचा फिल्टर घ्यावा, परंतु तिच्या पुढच्या बाजूला झाकणासाठी आटे आहेत ना, हे पाहून घ्यावे. पितळी कडी ॲल्युमिनियमच्या कडीपेक्षा कमी अडकते आणि म्हणून थोडी महागही असते.

पाचवी पायरी: वापर आणि निगा

दोनपेक्षा अधिक फिल्टर एकावर एक चढवू नयेत; कोपरे काळे पडतात आणि प्रत्येक काचेबरोबर दोन नवे पृष्ठभाग वाढतात. पोलरायझर आणि एनडी एकत्र लावताना यूव्ही आधी काढावा. एनडी आत आणि पोलरायझर बाहेर ठेवला की कडी फिरवणे सोपे जाते.

तुषारांत काम करताना खिशात दोन सुती नसलेली, मायक्रोफायबरची फडकी ठेवावीत, एक थेंब टिपण्यासाठी आणि एक शेवटच्या पुसण्यासाठी. काच पुसण्यापूर्वी ब्लोअरने धूळ उडवावी, कारण धुळीचा एखादा कण फडक्याखाली सापडला की लेपावर ओरखडा जातो. शर्टाचे टोक किंवा गमछा वापरू नये. पावसातून घरी परतल्यावर ओला फिल्टर लेन्सवर तसाच ठेवला तर दोन काचांमधली ओल बुरशीला आमंत्रण देते. फिल्टर काढून, दोन्ही काचा पुसून, पंख्याखाली तासभर उघड्या ठेवाव्यात आणि मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात. जेल रंग बदलणारे असेल तर ते कधी पुन्हा सुकवायचे ते लगेच समजते.

फिल्टर अडकला तर त्याला चिमटीत घट्ट पकडून जोर लावू नये. दाबाने कडी लंबवर्तुळाकार होते आणि आणखी पक्की बसते. कडीभोवती रुंद रबरबँड गुंडाळावा, तळहात सपाट ठेवून सगळ्या कडेवर सारखा हलका दाब द्यावा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावे. त्यानेही निघाला नाही तर फिल्टर रेंच नावाचा प्लास्टिकचा चिमटा मिळतो, तो लेन्सच्या व्यासानुसार घेऊन ठेवावा. बसवतानाच शेवटचा पाव फेरा ढिला सोडला, तर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.